माडी उकलताना

वऱ्हाडातल्या जुन्या वाड्याची माडी खालून पाहिली की नुसतं लाकूड दिसतं. भिंतीत रुतलेले मयाल, त्यांवर आडव्या टाकलेल्या कड्या, कड्यांवर सागाच्या फळ्यांची पाटणी. वर जाऊन पाहिलं तर शेणानं सारवलेली जमीन, नाहीतर नंतर कधीतरी बसवलेली शहाबादी फरशी. या दोन्हींच्या मध्ये वीतभर, कधी हातभर जाडीचं जे काही असतं, ते घरात जन्म काढलेल्या माणसानंही पाहिलेलं नसतं. जुन्या घरांच्या दुरुस्तीचं काम मी करते. अमरावती आणि अकोल्याच्या जुन्या वस्त्यांत माझा बहुतेक वेळ त्या मधल्या जागेत जातो.

पहिली फळी उचलली की दोन गोष्टी एकदमच होतात. मालक विचारतो, ‘म्याडम, हे काय होय?’ आणि कोणीतरी मजूर ते मूठभर उचलून चुरगाळतो, नाकाशी नेतो, क्वचित जिभेलाही लावतो. मालकाच्या प्रश्नाचं उत्तर यथावकाश देता येतं. ही दुसरी गोष्ट मात्र मी आधी थांबवते. आमच्याकडे फोडकामाला येणारी माणसं उन्हाळ्यात घरं उकलतात आणि पावसाळा लागला की पाठीवर पंप घेऊन कपाशीवर फवारणी करतात. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. त्यांच्यासारखेच हात आणि त्यांच्यासारखीच छाती असलेली माणसं माझ्या कामावर असतात. एखादा पदार्थ विषारी आहे की नाही, हे त्यांच्या अंगावर उठल्यावर कळावं, ही पद्धत मला मान्य नाही. ती आपल्याकडे इतकी रुळलेली आहे की कोणाला वावगं वाटत नाही, याचा मला अजूनही राग येतो.

बहुतेक वेळा निघते ती माती. फळ्यांवर तुराट्या नाहीतर पऱ्हाट्या अंथरलेल्या असतात आणि त्यांवर भिजवून, मळून, चोपून बसवलेला पांढरट राखाडी थर. नव्या माणसाला तो सिमेंट वाटतो, राख वाटते, एकदा तर शिकलेल्या मालकानं ‘केमिकल आहे का?’ म्हणून काम थांबवायला लावलं होतं. ही आपली धाब्याची खारी माती. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतली नऊशेच्या आसपास गावं खारपाणपट्ट्यात येतात. या मातीत सोडियम जास्त. ती ओली झाली की तिचे कण एकमेकांना सोडतात, फुगतात, बारीक छिद्रं बुजवून टाकतात आणि पाणी खाली झिरपू देत नाहीत. शेतकऱ्याच्या जिवावर उठलेला हा गुण धाबं घालणाऱ्याच्या मात्र कामाचा. पाणी अडतं, आणि सहसा गवतही उगवत नाही.

ती ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. वाटाण्याएवढं कोरडं ढेकूळ घ्यायचं आणि काचेच्या ग्लासातल्या पाण्यात अलगद सोडायचं. ढवळायचं नाही. पाणी मात्र पावसाचं हवं, नाहीतर दुकानात बॅटरीसाठी मिळतं तसलं. पट्ट्यातल्या विहिरीचं पाणी घेतलं तर त्यातल्या क्षारांमुळेच कण सुटत नाहीत आणि फसगत होते. काही वेळानं ढेकळाभोवती दुधी वलय धरू लागतं, हळूहळू पसरतं, आणि सकाळी पाहिलं तरी पाणी गढूळच. सिमेंटचा तुकडा तसाच पडून राहतो. राख तरंगते, बसते, पण असं वलय धरत नाही. ज्यांना खात्री हवी असते, त्यांना मी माती तपासून घ्यायला सांगते. कृषी विद्यापीठ अकोल्यातच असल्यामुळे माती तपासणं इथं कोणाला नवलाईचं वाटत नाही. सामू साडेआठच्या वर आला आणि सोडियम जास्त निघालं की प्रश्न मिटला. अशी माती मी फेकू देत नाही. चाळून, भिजवून परत वापरते. तिच्याइतकी चांगली दुसरी माती मला बाजारात मिळालेली नाही.

घराचं वय कळलं की निम्मी ओळख पटते, आणि वऱ्हाडात वय ठरवायला रेल्वे फार उपयोगी पडते. मुंबईहून येणारा लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोचला. त्याआधीच्या घरात जे असेल ते बैलगाडीच्या टप्प्यातलं: मेळघाटचा साग, नदीकाठची माती, भाजलेल्या कंकराचा चुना, लोहारानं ठोकलेले चौकोनी खिळे. नंतरच्या घरांत लांबून आलेला माल दिसू लागतो. गोल तारखिळे, मंगळुरी कौलं, लोखंडी गर्डर. गर्डरचा गंज घासला तर कधी पोटावर ‘डॉर्मन लाँग’ ही उठावाची अक्षरं निघतात, कधी टाटांचं नाव. टाटांचं पोलाद १९१२ पासूनचं, म्हणजे तो मजला त्याआधीचा असूच शकत नाही. ज्या काळात जी वस्तू इथं पोचलीच नव्हती, ती यादीतून आपोआप गळते.

अचलपूरकडच्या एका घरात माजघरावरचा खण उकलताना मातीत एक बोळकं सापडलं. तोंडाशी चिंधी, आत काळ्या चपट्या बिया. कामावरच्या पोरानं त्या तळहातावर ओतून घेतल्या, त्याला जुने मणी वाटले. एक बी तो दगडानं फोडणार, तेवढ्यात आमचे म्हातारे मिस्त्री ओरडले, ‘अबे थांब! बिबे होत ते!’ बिब्याच्या टरफलात जे तेल असतं, ते कातडीला लागलं की फोड येतात, अंग सुजतं, बिबा उततो. परीट त्याच तेलानं कपड्यांवर खुणा करायचे, कारण ती खूण धुऊन जात नाही. मिस्त्रींच्या म्हणण्याप्रमाणे बिबे दृष्टीसाठीही ठेवतात आणि उधईसाठीही. इथं भिंतीत जाणारी मयालांची टोकं काळी, चकचकीत होती आणि बाकीचं लाकूड साधं, त्यामुळे मी उधईच्या बाजूची. टोकं आम्ही रबरी हातमोजे घालूनच हाताळली. त्या लाकडाला उधई कुठंही लागलेली नव्हती.

पेवाची गोष्ट वेगळी, कारण तिथं जे ओळखायचं असतं ते दिसतच नाही. अमरावतीत बुधवाऱ्याच्या बाजूला एका घरी कोठीच्या खोलीत लाकडी फळ्यांची जमीन होती. मधल्या भागावर पाय टाकला की पोकळ वाजायचं. घरात लगेच कुजबुज सुरू झाली. जुन्या घरात पोकळ वाजलं म्हणजे धन, हे आपल्याकडे ठरलेलं. मला धास्ती होती ती वेगळीच. ज्वारी साठवायची पेवं वऱ्हाडात घरोघर असत. बंद पेवात दाणे श्वास घेतात, किडे घेतात, बुरशी घेते. प्राणवायू संपत जातो, कर्बवायू साचतो, आणि तो हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशीच राहतो. एक माणूस उतरतो, कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही तिथंच पडतो. जुने लोक आधी कंदील सोडून पाहत. विझला तर उतरायचं नाही, हे बरोबरच. पण जळत राहिला म्हणजे उतरायला हरकत नाही, असं मात्र नसतं. कर्बवायू माणसाला घेरी आणण्याइतका साचलेला असला तरी ज्योत तग धरू शकते. म्हणून आम्ही फळ्या बाजूला करून खोली मोकळी सोडली, पंख्यानं आत हवा सोडली, वायूमापक दोरीनं तळापर्यंत नेला, आणि आकडे ठीक आल्यावरच कमरेला दोर बांधून माणूस उतरला. वर दोघं दोर धरून. तळाशी काळी पडलेली, गोळे झालेली ज्वारी होती, राख होती आणि कडुनिंबाच्या काड्या. घरातल्या धाकट्यांचा हिरमोड झाला. थोरल्या काकूंनी मात्र ज्वारीचा एक गोळा मागून घेतला आणि म्हणाल्या, ‘दुष्काळासाठी ठेवली असन बाप्पा, आन् दुष्काळ आलाच नसन.’

सगळ्यात अवघड काम निघालं ते अकोल्यात, एका बंद पडलेल्या जिनिंग-प्रेसिंगच्या आवारात. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ मध्ये, तिकडचा कापूस थांबला आणि वऱ्हाडच्या कापसाला भाव आला. मागून रेल्वे आली, वाफेवर चालणारी जिनं आणि प्रेस उभे राहिले. अशा आवारात व्यवस्थापकासाठी बंगला असायचा. हा तसाच. इथं मात्र जमीन खरोखरच लाकडी: दगडी खुंट, त्यांवर तुळया, तुळयांवर फळ्या, आणि खाली वारा खेळायला दोनेक फुटांची पोकळी, बाहेरून लोखंडी जाळ्या लावलेली. कुटुंबाला फळ्या बदलायच्या होत्या.

पहिल्या दोन फळ्या काढल्या आणि खाली पांढरट राखाडी पिंजार भरलेली दिसली. ‘रुई होय,’ सगळे एका सुरात म्हणाले. जिनाच्या आवारात, अकोल्यात, दुसरं काय असणार? आणि वरची खरोखरच रुई होती. भिंगाखाली धरली तर सरकीच्या टरफलांचे तपकिरी कण त्यात अडकलेले. पण पोकळीच्या एका बाजूला, तुळईला टेकून काही गठ्ठे होते, त्यांचा पोत निराळा. रुईचा तंतू वाटेल तिकडे वळलेला असतो. इथं तंतू जुडीनं, एकाच दिशेनं पडलेले, मध्ये खडूसारखा वाळका गिलावा, आणि कडेला विणलेल्या जाड दोराचा हातभर तुकडा. त्याचं एक टोक काळवंडलेलं, पण जळलेलं नव्हतं. मी बाहेर येऊन आवार पाहिलं. बॉयलरचं घर बंगल्याच्या मागच्याच अंगाला. बॉयलरच्या झाकणांना आणि वाफेच्या नळ्यांना कशाचा दोर गुंडाळायचे आणि कशाचा लेप द्यायचे, हे जुन्या गिरण्यांत काम केलेल्या कोणालाही विचारा.

काम तिथंच थांबवलं. पंखे बंद, खिडक्या बंद, झाडू कोणी हातात घ्यायचा नाही. खोलीचं दार प्लॅस्टिकनं झाकलं. माणसांनी तोंडाला दुपट्टे बांधलेच होते, पण या तंतूपुढे दुपट्टा म्हणजे काहीच नाही. ॲस्बेस्टॉसचा एकेक तंतू केसाच्या कितीतरी पट बारीक असतो, नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, छातीत गेला की विरघळत नाही, आणि दुखणं उभं राहायला वीस, तीस, चाळीस वर्षं लागू शकतात. तोवर कोणत्या घरात कोणती फळी उचलली होती, हे मजुराला कुठून आठवायचं? भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकलेलं पाणी आधी त्या जागी फवारलं, चिमूटभर नमुना ओलाच दुहेरी पिशवीत घेतला, उचललेल्या जागेवर चिकटपट्टी लावली आणि मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवला. याचा निकाल सूक्ष्मदर्शकाखाली, ध्रुवित प्रकाशातच लागतो. घरच्या घरी जाळून बघणं, चोळून बघणं हे धोक्याचं आणि बिनकामाचंही.

अहवाल आला तेव्हा दोन्ही बाजू बरोबर ठरल्या. बहुतांश रुई आणि माती, गठ्ठ्यांमध्ये क्रायसोटाइल, म्हणजे पांढरं ॲस्बेस्टॉस. बॉयलरच्या दुरुस्तीतून उरलेला माल कोणीतरी उंदरांच्या वाटा बुजवायला तिथं कोंबला असावा, असा माझा अंदाज. घरमालकांनी मला अगदी रास्त प्रश्न विचारला. ‘आमच्या गोठ्यावर सिमेंटचे पत्रे हायेत, त्यातबी हेच असते म्हन्तात. ते दुकानात मिळतात. मंग याचा एवढा बाऊ काहून?’ खरंच आहे. आपल्या देशात ॲस्बेस्टॉसच्या खाणी बंद झाल्या, पण ते बाहेरून आणून पत्रे बनवणं चालू राहिलं. फरक इतकाच की पत्र्यात तंतू सिमेंटनं धरून ठेवलेला असतो आणि इथं तो मोकळा होता. पत्रा फोडला, कापला, त्याला भोकं पाडली की त्यातलाही मोकळा होतोच. गोठ्यावरचे पत्रे बदलताना ते फोडून खड्ड्यात टाकू नका, अख्खे ओले करून उतरवा, हे त्यांना सांगितलं. बंगल्यातला माल प्रशिक्षित माणसांकडून, पूर्ण मुखवटे आणि अंगभर कपडे घालून काढून घेतला. घातक कचऱ्याची अधिकृत सोय विदर्भात बुटीबोरीला आहे. तिथवर माल नेण्याचे कागद, परवानग्या, गाडी यांत घरमालकांची चिकाटी पणाला लागली. खर्च फळ्यांपेक्षा जास्त झाला. त्यांनी तो केला, याबद्दल मला त्यांचं मनापासून कौतुक आहे.

पांढऱ्या पावडरींचं प्रकरण रोजचं, आणि म्हणून जास्त फसवं. फळ्यांखाली पांढरं दिसलं की तो चुना असतो, किंवा भिंतीतून उतरलेला लोणा, किंवा घरातल्या माणसानं टाकलेलं काहीतरी. चुना हवेतला कर्बवायू शोषून जुना होतो. त्यावर लिंबाचे थेंब पिळले की बारीक बुडबुडे येतात. लोणा पाण्यात विरघळतो आणि पाणी आटलं की पुन्हा फुलून येतो. या दोन्हींत न बसणारी पावडर निघाली की मी हात आखडते.

मोर्णेपलीकडे, अकोल्याच्या जुन्या शहरात एका घरी अशी निघाली. भुरकट पांढरी. बुडबुडे नाहीत, विरघळणं नाही, आणि फळी उचलताच खोलीभर बुरसट वास. मला जागेवरून संशय आला. ती सगळीकडे पसरलेली नव्हती. कड्या भिंतीत जातात तिथं, कोपऱ्याकोपऱ्यात ओळीनं होती. म्हणजे पडलेली नव्हती, टाकलेली होती. कोणी आणि कशासाठी टाकली, हे विचारायला घरात माणूस होतं. आजी खाटेवर बसल्या होत्या. ‘उधई लागली होती नं,’ त्या म्हणाल्या, ‘तं ह्यायनं पावडर आनली होती. वावरातबी तेच टाकत.’ कवा, म्हणून विचारलं तर, ‘थोरल्याचं लगन झालं त्या साली.’ लग्नाची पत्रिका देवघरात सापडली: १९८४. त्या काळी वावरातल्या उधईसाठी आणि हुमणीसाठी गॅमेक्सिन, म्हणजे बीएचसी, आणि आल्ड्रिन सर्रास मिळायचं. आल्ड्रिनवर १९९६ मध्ये आणि बीएचसीवर १ एप्रिल १९९७ पासून बंदी आली, पण घरातली पावडर बंदी वाचत नाही. ही औषधं वर्षानुवर्षं टिकतात, आणि त्यांचा टिकाऊपणाच तेव्हा त्यांचा गुण म्हणून सांगितला जायचा. कीटकनाशकांचे अंश तपासणाऱ्या प्रयोगशाळेनं बीएचसी असल्याचं कळवलं.

ती माडीची खोली नातीला अभ्यासाला द्यायची होती. पावडर न झाडता ओल्या फडक्यांनी टिपून घेतली, फडक्यांसकट दुहेरी पिशव्यांत भरली, पिंपात बंद केली आणि पिंपावर नाव लिहिलं. त्या कोपऱ्यांतल्या फळ्या काढून टाकल्या. इथं एका गोष्टीवर मी अडून बसले. आमच्याकडे मोडलेल्या घराचं बारीकसारीक लाकूड मजूर चुलीसाठी घरी नेतात, आणि कोणी त्यांना अडवत नाही, अडवूही नये. पण या फळ्या जाळल्या असत्या तर ते विष धुरातून त्यांच्या लेकरांच्या नाकात गेलं असतं. मालकांना म्हटलं, यांना सरपणाचे पैसे द्या, या फळ्या देऊ नका. त्यांनी कुरकुर न करता दिले. मजुरांपैकी एकजण फळ्यांकडे बघत म्हणाला, ‘सागाच्या हायेत नं पन.’ चांगल्या सागाची फळी फुकट जाताना पाहणं किती जड जातं, हे मलाही ठाऊक आहे.

नव्या फळ्या बसवण्याआधी उधईचं औषध परत करावंच लागलं. आता आपण क्लोरपायरीफॉस नाहीतर इमिडाक्लोप्रिड वापरतो. चाळीस वर्षांनी त्यांच्याबद्दल काय म्हणतील ते म्हणोत, पण काय टाकलं होतं हे शोधायला तेव्हाच्या माणसाला आजी सापडायलाच हवी, असं नको. म्हणून जमीन बंद करताना मी एक कागद करते: माती कुठली, चुना कुठला, औषध कोणतं, किती टक्क्यांचं, कोणत्या खणात टाकलं, तारीख. प्लॅस्टिकमध्ये घालून तो विजेच्या बोर्डाच्या दाराला आतून चिकटवते. त्या घरी कागद चिकटवताना आजींनी नातीला हाक मारली आणि खाली आणखी एक ओळ घालायला लावली: सन १९८४ ची पावडर दक्षिणेच्या दोन खणांत होती, काढली आहे, उत्तरेचे खण उघडलेले नाहीत.